मदत हवी आहे: जुन्या नकाशावरचा फडाचा पाट आज कुठून जातो?

नमस्कार मंडळी. आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या काठी. बंधाऱ्यावरून पाट, पाटाखाली फड (म्हणजे शेतांचे मोठे गट) आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक, ही पद्धत आजोबांच्या तोंडून खूप ऐकली. पाणी पाटकरी सोडायचा, राखण जागल्या करायचा. आता पाट जागोजागी बुजलाय, काही ठिकाणी तर त्यावर रस्ताच झालाय.

माझ्याकडे दोन नकाशे आहेत: एक इंच म्हणजे एक मैल, अशा प्रमाणाचा जुना टोपोशीट (चढ-उतार, नद्या, रस्ते दाखवणारा सरकारी नकाशा) आणि गावाचा सर्व्हे नंबरांचा नकाशा. टोपोशीटवर नदीला समांतर बारीक रेघ दिसते. ती पाटाची की नाल्याची? पाट उताराला आडवा, समोच्च रेषेच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेच्या) कडेकडेने जातो आणि नाला त्या रेषा कापत उतरतो, एवढं कळतं. पण नदीकाठच्या सपाटीत रेषाच विरळ आहेत, तिथे गाडी अडते.

दुसरी अडचण मोठी. शेतजमिनींच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना-नवा मेळ घालायला एकत्रीकरणाच्या नोंदींतला ९(३)चा उतारा पुरेल का? क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना खुणेसाठी काय धरावं? मी बंधारा आणि मंदिर धरलं, तरी पाट सरळ नदीत जातोय! मोसम किंवा आरम नदीकाठी कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.