मनगटाच्या गुंतागुंतीच्या दुखापतींवरील उपचारांचे प्रशिक्षण : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

मी नागपुरात नऊ वर्षांपासून फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. दुचाकीवरून पडताना हात टेकल्याने मनगट दुखावलेले रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. वर्धा-यवतमाळकडून येणाऱ्यांची दुखापत तर पुष्कळदा महिनोन्‌महिने जुनी असते.

गेल्या वर्षी एक तरुण मनगट मुरगळले म्हणून आला. एक्स-रेमध्ये काही दिसले नव्हते, म्हणून मी तीन आठवडे व्यायाम दिले. अंगठ्याच्या मुळाजवळच्या खळग्यात दाबल्यावर दुखते, ही नोंद मीच केलेली होती, तरी तिचा अर्थ लावला नाही. पुढे स्कॅफॉइड (मनगटातले अंगठ्याच्या बाजूचे छोटे हाड) मोडल्याचे आणि न सांधल्याचे निघाले. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडील टोकातून मिळते, त्यामुळे कोपराकडचा तुकडा रक्ताविना राहण्याचा धोका असतो आणि हे फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेमध्ये हुलकावणी देऊ शकते, हे सारे मला पाठ होते. प्रत्यक्ष रुग्णाच्या हातावर मात्र ते मला ओळखता आले नाही, याचे फार वाईट वाटते.

अस्थिबंधांच्या (हाडांना हाडे जोडणाऱ्या लिगामेंटच्या) दुखापतींत माझी अडचण अधिक आहे. स्कॅफॉइड आणि त्याच्या शेजारचे लुनेट हे हाड यांमधला अस्थिबंध दुखावला असेल, तर मनगट तळहाताकडे वाकवणारा फ्लेक्सर कार्पी रेडिॲलिस हा स्नायू सांध्याला आधार देतो, पण मनगट मागे वाकवणाऱ्या, करंगळीच्या बाजूच्या एक्स्टेन्सर कार्पी अल्नारिस या स्नायूवर एकट्यावर जोर दिल्यास दोन हाडांमधली फट वाढू शकते. म्हणजे सरसकट 'मनगट बळकट करा' असे सांगणे अपायकारक ठरू शकते. करंगळीच्या बाजूचे दुखणे, टीएफसीसीची (त्याच बाजूच्या कूर्चा आणि अस्थिबंधांच्या जोडणीची) इजा आणि शस्त्रक्रियेनंतर हालचाल केव्हा सुरू करावी, याबाबतही माझा निर्णय डळमळतो.

कोइमतूरच्या गंगा रुग्णालयाचे नाव हाताच्या शस्त्रक्रियेसाठी आदराने घेतले जाते. तिथे किंवा अन्यत्र कोणा फिजिओथेरपिस्टने हँड थेरपीचे (हात-मनगटाच्या पुनर्वसन उपचारांचे) प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतले आहे का? रुग्ण स्वतः तपासायला आणि थर्मोप्लास्टिक स्प्लिंट (गरम करून हाताच्या आकारात घडवलेले प्लास्टिकचे आधार) स्वतः बनवायला मिळतात, की केवळ निरीक्षण करावे लागते? मला व्याख्यानांपेक्षा, माझा हात चुकीच्या जागी पडला तर तिथल्या तिथे सांगणारे कोणी हवे आहे. दवाखाना सलग सहा आठवडे बंद ठेवण्याची माझी तयारी आहे. तेवढा वेळ पुरेल का, की आधी नागपुरातच एखाद्या हँड सर्जनच्या ओपीडीत आठवड्यातून एक दिवस बसणे अधिक उपयोगी ठरेल?

ज्यांनी हे शिक्षण घेतले आहे, त्यांनी परतल्यावर आपल्या तपासणीत नेमके काय बदलले तेही कृपया लिहावे.