स्कोलिओसिस असताना वजनं कशी उचलायची? (अनुभव धागा)

एक्स-रेमध्ये कण्याला बाक दिसला की पहिला सल्ला ठरलेला: "जड उचलू नका." जड म्हणजे भाजीची पिशवी, गॅसचा सिलिंडर की जिममधलं डंबेल, हे कोणी सांगत नाही. इथे तेवढंच लिहूया. कोणता व्यायाम, किती, कुठल्या बाजूने आणि चुकतं कुठे. "मला खूप फरक पडला" एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या.

*

सुरुवात रिपोर्टपासून करा. बाक किती अंशांचा, कुठे आणि कोणत्या बाजूला, हे तिन्ही माहीत हवं. कॉब अँगल (एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन) १० अंशांपासून पुढे असेल तर स्कोलिओसिस म्हणतात. किशोरवयात सुरू होणारा बाक बहुतेक वेळा छातीच्या भागात उजवीकडे असतो. पुढे वाकलं की उजव्या बरगड्यांचा उंचवटा दिसतो. मापात सुमारे ५ अंशांचा फरक धरूनच चालायचं असतं. मागच्या वर्षी २४ आणि आता २७ आले म्हणून व्यायाम बंद करू नका. एक्स-रे दोन्ही वेळा उभ्यानेच काढलाय ना, हे आधी पाहा. झोपून काढलेल्यात बाक कमी दिसतो.

पायात बधिरपणा, पाऊल उचलताना कमजोरी, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं काही असेल तर हा धागा बंद करून डॉक्टरकडे जा.

*

जिममध्ये शिकवताना सर्वांत जास्त गोंधळ दिसतो तो बारबेल स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यांवर वजनाचा बार घेऊन बैठक मारताना. पाठीवर उंचवटा असल्याने बार तिरका बसतो. तो सरळ करायला माणूस कंबर फिरवतो आणि सगळा भार एका पायावर जातो. त्यापेक्षा गॉब्लेट स्क्वॉट घ्या: ६ ते ८ किलोचं एकच डंबेल छातीशी उभं धरून, १० चे ३ सेट. शेवटच्या दोन रेप्समध्येही (रेप म्हणजे एक आवृत्ती) कंबर एकीकडे सरकत नसेल तरच पुढचं डंबेल.

हे आरशात कळत नाही, कारण बघायला मान वळवली की धड वळतं. मोबाइल मागे, कमरेच्या उंचीवर ठेवून व्हिडिओ काढा.

एका हाताचा रो (वाकून डंबेल कमरेकडे ओढणं) करताना कमकुवत बाजूने सुरुवात. तिने ९ काढले तर दुसरीनेही ९ च, दम उरला असला तरी. वजन उचलताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही.

*

"जड नको" म्हणणाऱ्यांना लमार गँट सांगायचा. स्कोलिओसिस असलेल्या या अमेरिकन पॉवरलिफ्टरने १९८५ मध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट, म्हणजे सुमारे ३०० किलोची डेडलिफ्ट मारली (जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहणं). अर्थात उद्या कोणी त्याचं नाव घेऊन थेट बारला हात घालू नये! आधी डंबेल घेऊन रोमानियन डेडलिफ्ट, म्हणजे उभ्याने खुब्यातून वाकत वजन खाली न्यायचं, गुडघ्याच्या जरा खालपर्यंतच.

*

तालमीतल्या व्यायामाबद्दल. बैठका चालतात. जोर मारताना वर येतो तेव्हा कंबर खोल वाकते, तिथे दुखत असेल तर साधे पुश-अप घ्या, तेही आधी ओट्याला हात टेकून. मुद्गल हलकं आणि दोन्ही हातांना मोजून सारखं. सवयीच्या हाताने दहा फेऱ्या जास्त होतात आणि कळतही नाही. सूर्यनमस्कारात मागे वाकताना जपा. अशा बाकात छातीचा कणा बऱ्याचदा आधीच सपाट झालेला असतो, त्याला आणखी मागे रेटून काही मिळत नाही. बारला लटकून किंवा पोहून कणा सरळ होतो हा समजही सोडा. पोहणं दमासाठी उत्तम, लटकल्याने पाठ मोकळी वाटते. बस.

*

श्वासाचं कोणीच लिहिलं नाही. जर्मनीतल्या काटारीना श्रॉथ यांना श्वासाने बाक सावरायची कल्पना चेपलेला चेंडू हवा भरून फुगतो त्यावरून सुचली, असं सांगतात. बाक उजवीकडे असेल तर डावी पाठ चेपलेली असते. आधी ताठ, उंच व्हायचं, मग त्या डाव्या बरगड्यांत मागे आणि बाहेर श्वास भरायचा. सोडताना तीच स्थिती स्नायूंनी धरून ठेवायची. ५ श्वास, थोडं थांबून पुन्हा ५. चक्कर आली तर श्वास फार जोरात घेताय. पहिले काही दिवस श्रॉथ पद्धत शिकलेल्या फिजिओसमोरच करा, कारण बाजू चुकली तर उंचवट्यातच हवा भरत बसाल.

*

वसिष्ठासन, म्हणजे साइड प्लँक. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. लॉरेन फिशमन यांनी बाकाची फुगीर बाजू खाली ठेवून ते रोज करायला लावलं आणि बाक कमी झाल्याचं मांडलं. पण रुग्ण मोजके २५ होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. कुशीच्या ताकदीसाठी जरूर करा, अंश उतरतील या आशेवर नको. गुडघे टेकून १५ सेकंदांपासून सुरू करा. एस आकाराच्या बाकात फुगीर बाजू वर एक आणि खाली दुसरी, तेव्हा स्वतः ठरवू नका.

*

ऑपरेशन करून कण्यात रॉड-स्क्रू बसवलेल्यांसाठी: जोडलेले मणके वाकत नाहीत, त्यामुळे वाकायचा ताण त्यांच्या लगतच्या मणक्यांवर येतो. हलासन, सर्वांगासन, क्रंचेस नको. खाली वाकायचं ते खुब्यातून. वजन कधी सुरू करायचं हे सर्जनच सांगणार, कारण हाड जुळलंय का हे एक्स-रेवरच दिसतं.

*

ब्रेसवाल्या (बाक वाढू नये म्हणून धडाला कडक पट्टा घालणाऱ्या) मुलांनी खेळ सोडू नये. खेळापुरता ब्रेस काढायला बहुतेक डॉक्टर परवानगी देतात, फक्त दिवसाचे ठरवून दिलेले तास पूर्ण करायचे.

*

बेंच प्रेसची (उताणं झोपून बार वर ढकलण्याची) एक भर. उंचवट्यामुळे बेंचवर पाठ डुलते आणि एक हात आधी वर जातो. चेपलेल्या बाजूखाली नॅपकिनची घडी ठेवा. दोन पदरांपासून सुरू करून डुलणं थांबेपर्यंत एकेक पदर वाढवा. आंघोळीचा टॉवेल नको, तो इतका जाड होतो की पाठ उलट बाजूला कलते.