मदत हवी: वाचनालयाला सोलर बसवायचंय, मंगळवारच्या आत सांगा

गावभागकर
नमस्कार. आमच्या वाचनालयाला (सांगली) एका देणगीदारांनी एक लाख देऊ केलेत. पैसे पर्यावरणपूरक कामालाच लावायचे आणि दाराशी त्यांच्या आईच्या नावाची तशी पाटी लावायची, एवढीच अट. मंगळवारी कार्यकारिणीची सभा आहे, अध्यक्षांना आकडा हवाय. एक लाखात किती किलोवॅट बसेल? घरांना मिळते ती सबसिडी आपल्याला मिळते ना? कृपया जाहिराती नकोत, आकडा टाका.

मिरजेचा वायरमन
महिन्याला युनिट किती? छप्पर स्लॅबचं की पत्र्याचं? जागा स्वतःची की भाड्याची? हे काहीच न सांगता आकडा मागताय, मी काय पंचांग बघून सांगू?
सबसिडीचं आत्ताच सांगतो. पीएम सूर्यघर घरगुती ग्राहकांसाठी आहे. वाचनालयाला नाही.

आक्का_वाई
अहो, सोलरच्या आधी पुस्तकांची प्लास्टिकची कव्हरं काढा. पावसाळ्यात आत दमटपणा कोंडतो न् बुरशी धरते. आम्ही खाकी कागद घालतो. डांबर गोळ्याही बंद केल्या, त्याऐवजी वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवतो.

गावभागकर
आक्का, कव्हरांचं नंतर बघू. वायरमनदादा, 460 युनिट. जागा भाड्याची, छप्पर कौलारू.

मिरजेचा वायरमन
कौलारू!! हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं राव. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट तरी बिनसावलीची जागा लागते, दिवसाला चार युनिटच्या आसपास मिळतात. कौलांवर लोखंडी सांगाडा उभा करायचा तर वाशांना पेलेल का, हे आधी बघायला हवं. आणि उद्या मालकानं जागा खाली करा म्हटलं तर पॅनेल डोक्यावर घेऊन फिरणार का?
ट्यूब किती, पंखे किती, वाचनालय किती तास उघडं असतं?

पुस्तकी_किडा
पुस्तकंच कशाला ठेवायची? सगळं स्कॅन करून मोबाईलवर द्या. झाडं वाचतील.

आक्का_वाई
आमच्याकडे रोज सकाळी अकरा आजोबा पेपर वाचायला येतात. त्यांना देऊ का तुझा मोबाईल?

बत्तीस_शिराळा
एकदा महाबळेश्वरजवळच्या भिलारला जाऊन या सगळ्यांनी. 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरात पुस्तकं ठेवलीत. वेगळी इमारतच नको, याच्याइतकं पर्यावरणपूरक काय असणार? येताना स्ट्रॉबेरी घ्या.

पुस्तकी_किडा
आणि भिलारपर्यंत गाडी काय पाण्यावर चालते?

गावभागकर
विषयावर या. 22 ट्यूब, सगळ्या जुन्या चोकवाल्या. 9 पंखे. सकाळ-संध्याकाळ मिळून 9 तास, सोमवारी सुट्टी. ट्यूब दिवसाही चालू असतात, अंधार असतो.

मिरजेचा वायरमन
जुनी ट्यूब चोकसकट 50 वॅटच्या घरात खाते, एलईडी 20. साधा पंखा 75 वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30. ट्यूब बदलल्या की रोजची जवळपास 6 युनिट वाचली, पंख्यांची साडेतीन. महिन्याचे 26 दिवस धरले तर अडीचशेच्या आत-बाहेर. थंडीत पंखे बंद असतात, तेवढं कमी धरा. खर्च तीस हजार धरून चाला. तुमचं निम्मं बिल इथंच गेलं, कौलाला हात न लावता.
बिलावर टॅरिफ, म्हणजे दराचा वर्ग, काय छापलंय तेही बघा. सार्वजनिक वाचनालयाला पब्लिक सर्व्हिसेस असा वेगळा वर्ग आहे.

गावभागकर
कमर्शियल छापलंय. इतकी वर्षं बिल आलं की भरायचं, एवढंच चाललंय आमचं.

मिरजेचा वायरमन
मग वर्ग बदलायला उद्याच अर्ज टाका. नोंदणीचा दाखला जोडा. याला देणगीदार लागत नाही.

कसबे_डिग्रज
दिवसा अंधार का असतो हे कुणी विचारलंच नाही. खिडक्या नाहीत का?

गावभागकर
आहेत, पाच. पण 2019 च्या महापुरात कपाटांचे खालचे दोन्ही कप्पे गेले. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, आमच्याकडे आत कमरेएवढं. नंतर फर्निचर उचलून जिथं जागा मिळाली तिथं लावलं. कपाटं खिडक्यांसमोर आली ती तिथंच राहिली.

आक्का_वाई
म्हणजे वारा बंद, उजेड बंद, वर प्लास्टिकची कव्हरं. कसर लागली नाही तरच नवल.

पुस्तकी_किडा
वाळलेला कडुलिंब घाला.

आक्का_वाई
चांगला वाळवून. ओला पाला घातला की बुरशीच. आणि बाइंडर खळीत मोरचूद घालतो का विचारा, लहान मुलांच्या विभागाला तसली खळ नको.

मिरजेचा वायरमन
इन्व्हर्टर कुठं ठेवलाय?

गावभागकर
दाराशी, खाली. आधीचा पुरातच गेला.

मिरजेचा वायरमन
आणि नवा पुन्हा तिथंच! पोटमाळ्यावर घ्या तो. बॅटऱ्या जड असतात, खाली फळी भक्कम टाका.

गावभागकर
आज सुट्टी होती. शिपाई आणि मी मिळून दोन कपाटं हलवली. मागच्या भिंतीवर गाळाची रेघ अजून तशीच आहे, अगदी पट्टीनं ओढल्यासारखी. खिडकीच्या गजांत एक नियतकालिक अडकलेलं सापडलं, पानं चिकटून वीट झालेली. खिडकी उघडल्यावर मधल्या टेबलावर ट्यूब न लावता पेपर वाचता येतो, मी वाचून बघितला. उन्हाचा पट्टा मात्र थेट संदर्भग्रंथांवर येतोय.

आक्का_वाई
खादीचा पडदा लावा, नाहीतर कणे पांढरे पडतील. कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि खालचा कप्पा रिकामाच राहू दे.

गावभागकर
बरं. सभेत ट्यूब, पंखे, पडदे आणि टॅरिफचा अर्ज मांडतो. सोलरचं मालकांशी बोलून मग. देणगीदारांना कसं सांगायचं तेवढं सुचवा, त्यांना पॅनेल दिसायला हवं होतं.

कसबे_डिग्रज
पाटी खिडकीखाली लावा, दारात नको. आईचं नाव उजेडात येईल.

गावभागकर
हे मांडतो. अजून एक, पंख्याला आढ्यात हूक नाही, वाशाला तार बांधून जुने पंखे लटकवलेत. नवे तसेच चालतील?

मिरजेचा वायरमन
तारेवर??? थांबा. वासा कसला आहे, सागाचा की बाभळीचा? फोटो टाका आधी.