मिल्टन कीन्सच्या पापात कार्ल रॉबिन्सन वाटेकरी होता का?

किंग्स्टनचा वारकरी

ज्या क्लबचे नावही आपल्या गोटात कुणी घेत नाही, त्या क्लबच्या तरुण मॅनेजरचे काम आपल्याला मनापासून आवडले, तर ते कबूल करावे की गिळून टाकावे, यावरून मी गेली अनेक वर्षे स्वतःशीच भांडत आलो आहे. मी नैऋत्य लंडनमध्ये राहतो आणि 2009 पासून एएफसी विम्बल्डन या फुटबॉल क्लबचा पाठीराखा आहे. एवढे सांगितल्यावर तो क्लब मिल्टन कीन्स डॉन्स हे जाणकारांनी ओळखलेच असेल. मॅनेजर म्हणजे कार्ल रॉबिन्सन.

इतरांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. 1988 मध्ये लिव्हरपूलला 1-0 असे हरवून एफए कप जिंकणारा विम्बल्डन क्लब 1991 मध्ये आपले प्लाऊ लेन हे मैदान सोडून क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर भाडेकरू झाला. पुढे मालकांनी तो क्लबच उचलून सुमारे 90 किलोमीटर उत्तरेला, मिल्टन कीन्स या नियोजित शहरात नेण्याचा घाट घातला. 28 मे 2002 रोजी तिघांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मताने त्याला परवानगी दिली, आणि समर्थकांनी गावात नव्याने क्लब काढणे हे ‘फुटबॉलच्या व्यापक हिताचे’ नाही, असा शेराही मारला. समर्थकांनी तो शेरा धाब्यावर बसवला, विम्बल्डन कॉमनच्या गवतावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि एएफसी विम्बल्डन उभा केला. उचलून नेलेल्या क्लबचे 2004 मध्ये ‘मिल्टन कीन्स डॉन्स’ असे नामकरण झाले. आपल्याकडे आयपीएलमुळे ‘फ्रँचाइझी’ हा शब्द प्रतिष्ठेचा झाला आहे. आमच्या स्टँडमध्ये ती मिल्टन कीन्सला द्यायची शिवी आहे.

मे 2010 मध्ये या क्लबने पॉल इन्सच्या जागी त्याच्याच सहायकाला नेमले. लिव्हरपूलचा कार्ल रॉबिन्सन तेव्हा 29 वर्षांचा होता आणि फुटबॉल लीगमधला सर्वांत तरुण मॅनेजर ठरला. नावाजण्याजोगी खेळाडू-कारकीर्द त्याच्या गाठीशी नव्हती. तो अकादमीत मुलांना शिकवत वर आलेला माणूस होता. निवृत्त खेळाडूला थेट मॅनेजरच्या खुर्चीत बसवण्याची सवय असलेल्या इंग्लंडमध्ये ही वेगळी गोष्ट होती. मदतीला त्याने जॉन गॉर्मन यांच्यासारखा, इंग्लंड संघाचे सहायकपद भूषवलेला, वयाने वडिलांच्या जागी शोभेल असा गृहस्थ घेतला, यात मला त्याची समज दिसली.

2 डिसेंबर 2012 रोजी एफए कपच्या दुसऱ्या फेरीत हे दोन क्लब प्रथमच समोरासमोर आले. आमच्यापैकी अनेकांनी त्या मैदानात पाऊल ठेवायचे नाही असे ठरवले होते. मीही घरीच टीव्हीसमोर बसलो. मध्यंतराच्या तोंडावर स्टीफन ग्लीसनने लांबून गोल मारला. उत्तरार्धात जॅक मिडसनने झेपावून डोक्याने बरोबरी साधली, तेव्हा मी इतक्या जोरात उठलो की मांडीवरची पोह्यांची बशी गालिच्यावर उपडी झाली. आणि नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत जॉन ओत्सेमोबोरने गोलकडे पाठ असताना टाचेने चेंडू वळवला आणि तो जाळ्यात गेला. मी गालिच्यावरचे शेंगदाणे वेचत होतो आणि मनात येत होते, की यांचा संघ चेंडू सुरेख खेळवतो आहे आणि आपला संघ केवळ जिद्दीवर तगून आहे. तो चेंडू खेळवणे रॉबिन्सनने शिकवलेले होते.

माझे मत असे, की क्लबचा जन्म अन्यायातून झाला म्हणून तिथे 8 वर्षांनी मॅनेजर झालेल्या माणसाला त्या अन्यायाचा वाटेकरी धरणे चूक आहे. निर्णय झाला तेव्हा तो 21 वर्षांचा होता. जुन्या विम्बल्डनचा इतिहास आणि करंडक यांवरचा दावा मिल्टन कीन्सने रॉबिन्सन तिथे मॅनेजर होण्याच्या 3 वर्षे आधी, 2007 मध्येच, विम्बल्डन ज्यात येते त्या मर्टन परगण्याच्या स्वाधीन केला होता.

नॉर्दर्न लाइन

तीव्र असहमती नोंदवतो. धाग्याच्या शीर्षकात आपण वाल्या कोळ्याची गोष्ट सुचवली आहे, तर ती पुरती पाहू या. वाल्याच्या घरच्यांनी पापात वाटा घेणार नाही असे सांगितले खरे, पण त्याने वाटमारी करून आणलेला शिधा त्यांनी कधी परत केला नव्हता. रॉबिन्सनचे तेच आहे.

29 व्या वर्षी त्याला तिसऱ्या श्रेणीतला संघ मिळाला. तो संघ तिसऱ्या श्रेणीत कसा होता? तळापासून चढत आला नव्हता. विम्बल्डनची लीगमधली जागा त्याच्याकडे आयती होती. ती जागा परत मिळवायला आपल्या क्लबला कम्बाइन्ड काउंटीज लीग या तळच्या स्थानिक स्पर्धेपासून सुरुवात करून 9 वर्षांत 5 वेळा बढती मिळवावी लागली आणि शेवटी 2011 मध्ये लूटनविरुद्ध पेनल्टींवर सुटका झाली. म्हणजे रॉबिन्सनने त्या क्लबमध्ये पहिला हंगाम काढला, त्याच हंगामाच्या शेवटी आपण लीगमध्ये पोहोचलो. करंडक परत केले म्हणता. विम्बल्डनचे ‘डॉन्स’ हे टोपणनाव परत केले का? ते नाव छातीवर लावून तो साडेसहा वर्षे सीमारेषेवर उभा राहिला.

त्या डिसेंबरच्या सामन्यात आपल्या बाकावर कोण होते, हे आपण लिहिलेच नाही. नील आर्डली होते, जे जुन्या विम्बल्डनमध्येच वाढले, खेळले आणि 2002 मध्ये बाहेर पडले. तेही इंग्लिश आणि तेही मॅनेजर म्हणून नवखे, पण त्यांच्या तरुणपणाचे कौतुक करायला कुणी धागा काढत नाही.

रंकाळ्यावरचा रेफरी

मी कोल्हापूरचा, त्यामुळे माझे मत एका वाक्यात सांगतो: पाटाकडील तालीम हा इथला फुटबॉल संघ उद्या कुणी इचलकरंजीला नेऊन ठेवला, तर तिथल्या नव्या कोचला पेठेत चहासुद्धा मिळणार नाही, मग तो कितीही सुंदर खेळ शिकवो.

आकडेबाज

नीतीचा निवाडा बाजूला ठेवून मी फक्त कामाबद्दल बोलतो, कारण वारकरी यांनी कौतुक करताना हात जरा सैल सोडला आहे आणि नॉर्दर्न लाइन यांनी कामाकडे पाहिलेलेच नाही.

रॉबिन्सनच्या पहिल्या दोन हंगामांत संघ बढतीसाठीच्या प्लेऑफ सामन्यांच्या उपांत्य फेरीत गेला आणि दोन्ही वेळा तिथेच अडकला. 2011 मध्ये पीटरबरोने अडवले आणि 2012 मध्ये हडर्सफील्डने. 2014-15 मध्ये मात्र त्या संघाने 101 गोल आणि 91 गुण केले, शेवटच्या दिवशी येओव्हिलला 5-1 असे हरवले, आणि प्रेस्टन कोलचेस्टरमध्ये हरल्यामुळे दुसऱ्या क्रमांकाने थेट बढती मिळवली. त्याच हंगामात, 26 ऑगस्ट 2014 रोजी, लुई व्हान खाल यांच्या मँचेस्टर युनायटेडला लीग कपमध्ये 4-0 असे धुतले. विल ग्रिगचे दोन आणि बेनिक अफोबेचे दोन गोल होते, आणि हे दोघेही उसने आणलेले खेळाडू होते. दुसऱ्याच्या घरातल्या तांदळावर एवढी खीर करणारा मॅनेजर साधा नसतो. पण वरच्या श्रेणीत तो टिकला नाही. 2016 मध्ये संघ 23 वा येऊन खाली आला आणि ऑक्टोबरमध्ये घरच्या मैदानावर साउथएंडकडून 3-0 असा पराभव झाल्यानंतर त्याला काढण्यात आले. माझ्या लेखी तो चांगला शिक्षक आणि मध्यम डावपेचकार होता.

आणखी एक. ‘बिचाऱ्या अनोळखी तरुणाला दुसरीकडे कोण विचारणार होते’ हा युक्तिवाद कुणी करणार असेल, तर आधीच सांगतो की तो लंगडा आहे. ही खुर्ची काही ओसाड पडलेली नव्हती. पॉल इन्स आपल्या पहिल्या खेपेनंतर तिथून 2008 मध्ये ब्लॅकबर्नला गेले आणि त्यांच्यानंतरचे मॅनेजर रॉबर्टो दी मॅतेओ 2009 मध्ये वेस्ट ब्रॉमला गेले. सगळ्यांचा तिरस्कार असूनही ती वर जाण्याची चांगली शिडी होती, आणि तिच्यावर पाय ठेवणाऱ्याला हे पुरते ठाऊक असणार.

रेडवेचा रहिवासी

मी दहा वर्षे मिल्टन कीन्समध्ये राहतो. इथल्या रस्त्यांवर चौकापेक्षा गोल चक्करे जास्त आहेत आणि पादचाऱ्यांच्या लाल वाटांवरून चालत मी आणि माझी मुलगी मैदानात जातो. क्लब ज्या प्रकारे आला ते चूकच होते, हे मी प्रथम मान्य करतो. पीट विंकलमन या उद्योजकाला स्टेडियम उभारायचे होते, त्याच्या खर्चासाठी आयकिया आणि आस्डाची दुकाने लागत होती, आणि या साऱ्या योजनेला लीगमधला एक क्लब हवा होता. तो बाहेरून आणला गेला. हे इथल्या विचारी माणसांना ठाऊक आहे.

पण आपण सगळे रॉबिन्सनबद्दल बोलत असताना त्याने इथे नेमके काय केले ते कुणीच नीट सांगत नाही. डेली अली एप्रिल 1996 मध्ये याच शहरात जन्मला. लंडनमध्ये तिघांच्या आयोगाने हात वर केले तेव्हा तो 6 वर्षांचा होता. क्लबच्या अकादमीत तो 11 व्या वर्षी आला आणि 16 व्या वर्षी, नोव्हेंबर 2012 मध्ये, रॉबिन्सनने त्याला पहिल्या संघात उतरवले. तिसऱ्या श्रेणीत गुणांसाठी मारामारी चाललेली असताना शाळकरी वयाच्या पोराला मधल्या फळीत खेळवायला छाती लागते, कारण पोराने चेंडू गमावला तर स्टँडमधल्या शिव्या मॅनेजरला पडतात. फेब्रुवारी 2015 मध्ये टॉटनहॅमने त्याला 50 लाख पौंडांना घेतले आणि उरलेल्या हंगामासाठी पुन्हा इथेच ठेवले. त्या पोराने विम्बल्डनचे काय चोरले होते? आणि त्याला घडवणाऱ्याने?

पाटाकडीलचे उदाहरण मार्मिक आहे, पण रेफरीसाहेब, इचलकरंजीत त्यानंतर जन्मलेल्या मुलांनी चेंडू कुठे मारायचा, तेही सांगा.

रंकाळ्यावरचा रेफरी

तिथल्या तालमीत. तळापासून सुरुवात करून.

नॉर्दर्न लाइन

रेफरींनी माझे उत्तर दिले, तरी थोडे लांबवतो. डेली अलीला कुणी दोष दिलेला नाही. 11 वर्षांचे मूल घराजवळच्या मैदानात जाते, त्याला निवड नसते. 29 वर्षांच्या, मॅनेजरकीचा सर्वोच्च परवाना हाती असलेल्या माणसाला ती असते. मी त्याला खलनायक म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की एखाद्या घराचे भाडे स्वस्त आहे, कारण मूळ कुळाला हुसकावले आहे, हे माहीत असताना जो तिथे राहायला जातो आणि पुढे बाग फुलवतो, त्याच्या बागेचे कौतुक हुसकावलेल्यांनी करावे ही अपेक्षा जास्तीची आहे. इतरांनी खुशाल करावे.

शिवाय मँचेस्टर युनायटेडवरच्या त्या विजयाच्या आरत्या ओवाळताना लोक एक गोष्ट विसरतात. त्या फेरीत मिल्टन कीन्स पोहोचले कसे? दोन आठवडे आधी, 12 ऑगस्टला, पहिल्या फेरीत त्यांनी आपल्यालाच 3-1 असे हरवले होते.

आकडेबाज

आणि त्याच हंगामात 7 ऑक्टोबरला लीग ट्रॉफीमध्ये विम्बल्डनने त्यांच्याच मैदानावर 3-2 असा पहिला विजय मिळवला, विजयी गोल अकिनफेनवाचा. हिशेब मांडायचा तर पुरा मांडावा.

थोडे विषयाच्या कडेने जाऊन सांगतो, की रॉबिन्सनने पुढे चार्ल्टन आणि ऑक्सफर्ड केले आणि जानेवारी 2024 मध्ये सॅलफर्ड सिटीचे काम हाती घेतले, म्हणजे गॅरी नेव्हिल आणि त्याच्या युनायटेडमधल्या जुन्या सोबत्यांच्या पैशावर वर आला म्हणून खालच्या श्रेणींत अनेकांच्या डोळ्यांत खुपणारा क्लब. या गृहस्थाला नावडत्या घरांचा लळा असावा.

किंग्स्टनचा वारकरी

नॉर्दर्न लाइन यांनी 12 ऑगस्टची आठवण दिली ती वर्मी लागली. युनायटेडवरच्या त्या विजयाच्या रात्री मी ऑफिसातल्या एका मँचेस्टरवाल्याला डिवचणारा संदेश पाठवला होता, आणि त्याने परत एवढेच लिहिले की तुम्हाला कधीपासून मिल्टन कीन्सचा पुळका आला. मी उत्तर दिले नाही, कारण नव्हतेच.

भाड्याच्या घराच्या दाखल्याशी मी आता बराचसा सहमत आहे, एक भाग सोडून. हुसकावलेल्यांनी कौतुक करण्याची अपेक्षा कुणी ठेवू नये, हे बरोबर. पण त्यांच्यापैकी एखाद्याला कुंपणापलीकडून ती बाग दिसली आणि आवडली, तर त्याने डोळे मिटून घ्यावेत असेही कुणी सांगू नये. नोव्हेंबर 2020 मध्ये आम्ही प्लाऊ लेनला परतलो. रॉबिन्सनला कुणी तिथे हुर्यो देत असेल तर मी त्याला थांबवणार नाही, आणि त्यात माझा आवाजही मिसळणार नाही. रेडवेचे रहिवासी त्यांच्या मुलीला घेऊन कधी पाहुण्यांच्या स्टँडमध्ये आले, तर सामन्याआधी चहा माझ्याकडून; मात्र माझ्या तोंडून त्यांच्या क्लबचे नाव ‘मिल्टन कीन्स’ एवढेच निघेल, पुढचा शब्द निघणार नाही.