जळगावात अख्खा अल्बम ऐकायचा ग्रुप सुरू करतोय, कसं करू?

यावलकर
नमस्कार मंडळी, आम्ही काही मित्र महिन्यातून एक रविवार कोणाच्या तरी घरी बसून एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि मग त्यावर बोलायचं म्हणतोय. आवड सगळ्यांना आहे, पण मोबाईलवर अर्धं गाणं झालं की पुढे ढकलायची सवय लागली आणि बैठक जमली की विषय केळीच्या भावावर जातो. एकाला फक्त नाट्यसंगीत लागतं, एकाला जुनी हिंदी गाणी, पोरांना रॅप. सुरुवात कशाने करावी? रागदारी कोणालाच कळत नाही.

भुसावळ जंक्शन
भो, डोळे झाकून कॉल ऑफ द व्हॅली घे. १९६७ चा आहे, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. शब्दच नाहीत त्यामुळे मराठी का हिंदी हा वाद मिटला. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस आहे त्यात, सकाळी अहीर भैरव राग नि शेवटाला पहाडी राग, म्हणून शफल बंद करून ऐका नाहीतर दिवस उलटापालटा होईल. अन् नंतरच्या काही आवृत्त्यांत पहाडीनंतर जास्तीचे तुकडे जोडलेत, ते त्या दिवशी नको, पहाडीला थांबा. फुकटवालं अ‍ॅप असेल तर मधे जाहिरात येते, आधीच डाउनलोड करून ठेव.

पांझरेकाठची
धुळ्यात आम्ही बायका बायका असं करतो म्हणून सांगते. अल्बम चिठ्ठी टाकून ज्याची पाळी येईल त्याने निवडायचा, बाकीच्यांनी नाक मुरडायचं नाही. वाजत असताना कोणी बोलायचं नाही, फक्त मधे एकदा थांबायचं. जुन्या एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांत संपायची नि तबकडी उलटावी लागायची ना, तसंच थांबायचं, चहा तेव्हाच. आणि नंतर बोलताना ज्याने निवडलाय त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं, नाहीतर त्याचं मन राखायला सगळे छान छान म्हणतात आणि खरं कोणी सांगतच नाही. गीतरामायण घ्याल तर एका बैठकीत ५६ गाणी रेटू नका हो, १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते आठवड्याला एकेक असंच लोकांनी ऐकलंय. चार-पाच घ्या आणि त्यावर पोटभर बोला.

शिरपूरना पोऱ्या
दादा, आमले बी ग्रुपमा ल्या! पण अहिराणी गाण्यांचं काय? आता एकेक गाणं यूट्यूबवर येतं, हळदीत डीजेवर वाजतं नि पुढच्या सीझनला विसरतात, अल्बम असा निघतच नाही. माझं म्हणणं, श्रावणात आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी घ्या, घरोघरच्या आजींना विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि कुठलं आधी कुठलं नंतर म्हणतात तेही त्यांनाच विचारा. तो आपला अल्बम. आजीला बैठकीला बोलवा, तिच्याइतकं त्यावर कोण बोलणार!

यावलकर
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या रविवारी कॉल ऑफ द व्हॅली नक्की, त्यातला पिलू राग संपला की जुन्या तबकडीची पहिली बाजू संपते, तिथे थांबून चहा. पोऱ्या, कानबाईचं तूच बघ, शिरपूरकडच्या आजी तू गाठ, यावलकडच्या मी गाठतो. ताई, चिठ्ठीत पोरांचा रॅप निघाला तरी तोही अख्खा ऐकायचा, हे आत्ताच सगळ्यांकडून कबूल करून घेतो. भुसावळवाले भाऊ, तुमच्याकडे बरा स्पीकर असेल तर घेऊन या, आमच्याकडचा नुसता दणदण करतो, त्यात संतूर ऐकू येणार नाही.