गोव्यात कळंगुटला घेतलेली टाइमशेअर (दरवर्षी काही दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याचा विकत घेतलेला हक्क) रद्द करायची आहे. पुरावा कसा ठेवावा?

प्रश्न: स्क्रॅच कार्डावरून सादरीकरणाला नेलं, तिथेच सही झाली. आगाऊ रक्कम कार्डाने गेली, उरलेले हप्ते खात्यातून आपोआप कापले जाणार. फोनवर ‘रद्द करतो’ म्हणाले. तेवढं पुरेल का?

उत्तर १: अजिबात नाही. आधी करारातलं रद्द करण्याचं कलम वाचा. मुदत सहीपासून मोजायची की पैसे भरल्यापासून? पत्र पाठवलं की झालं, की पोहोचायला हवं? टाइमशेअरसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, म्हणून हे कलमच महत्त्वाचं. पत्रात करार क्रमांक, सहीची तारीख, भरलेली रक्कम आणि ‘मी हा करार रद्द करत आहे’ हे सरळ वाक्य हवं. ‘रद्द करण्याचा विचार आहे’ असं लिहिलंत तर कंपनी ती नोटीस मानत नाही. आजच ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टने करारातल्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा. कळंगुटच्या काउंटरवर नको, तिथली माणसं बदलतात. पावती आणि पोहोच जपा.

उत्तर २: पत्र गेल्यावरच बँकेत नॅच मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ते आपोआप कापायला दिलेली परवानगी, रद्द करा. आधी हप्ता थांबवला तर कंपनी थकबाकी दाखवते. कंपनीने मूळ करार परत मागितला तर आधी प्रत्येक पान स्कॅन करा, मागच्या अटींसकट.

उत्तर ३: परतावा अडला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी गोव्यात यायची गरज नाही, राहत्या जिल्ह्यात दावा चालतो. दावा करायची मुदत २ वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.