लग्नाच्या फोटोंना तालुक्यात किमान दर ठरवावा का?

छायाचित्रकार, उदगीर:
आमच्या भागात लग्नाच्या एका ऑर्डरचा दर वीस हजारांवर आला आहे आणि तो आणखी खाली ओढण्याची चढाओढ सुरू आहे. या दरात घर चालत नाही, हे मला हिशेबानिशी मांडायचे आहे. आकडे मांडणीसाठी धरले आहेत. आपापले घालून पाहावेत.

दोन कॅमेरे, तीन-चार लेन्स, लाइट आणि संगणक मिळून सहा लाखांची सामग्री, तिचे उपयोगी आयुष्य चार वर्षे. म्हणजे वर्षाला दीड लाख केवळ झिजेचे. हे आयुष्य मी कमी धरलेले नाही, कारण एका लग्नात दोन-तीन हजार फोटो सहज निघतात आणि यांत्रिक शटरचे आयुष्य कंपन्या साधारण लाख-दोन लाख क्लिक सांगतात. वर्षाला चाळीस लग्ने मिळाली तर प्रत्येक लग्नावर झिजेचे 3,750 रुपये बसतात. गाळ्याचे भाडे महिन्याला 8,000 असेल तर आणखी 2,400. सोबत नेलेल्या व्हिडिओ शूटरचे 3,000, अल्बमचे 6,000, मिक्सिंगचे 3,000 आणि गाडीचे 1,500. बेरीज 19,650.

पंचवीस हजारांच्या ऑर्डरमध्ये 5,350 उरतात, म्हणजे वर्षाचे 2,14,000, महिन्याला अठरा हजारांच्या आतच. वीस हजारांच्या ऑर्डरमध्ये उरतात 350, आणि वर्षभराचे 14,000. यात कर्जाचे व्याज नाही आणि बुडालेली उधारीही नाही. कॅमेरा घेताना आपण 18 टक्के जीएसटी भरतो (1 जानेवारी 2019 पूर्वी तो 28 टक्के होता), पण वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असल्याने ज्याने नोंदणी केलेली नाही, त्याला त्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून तालुक्यातील सर्वांनी एकत्र बसून पंचवीस हजारांखाली कोणी ऑर्डर घेणार नाही, असे ठरवावे, हे माझे मत आहे.

व्हिडिओ मिक्सिंग व्यावसायिक, जालना:
आपली बेरीज बरोबर आहे, निष्कर्ष मला मान्य नाही. एकाच धंद्यातील लोकांनी मिळून दर ठरवणे हे स्पर्धा कायदा, 2002 च्या कलम 3 नुसार स्पर्धेला बाधक मानले जाते. ते संघटनेच्या ठरावाने केले म्हणून वैध ठरत नाही.

दुसरे असे की, आपल्या 19,650 मध्ये झीज आणि भाडे मिळून 6,150 आहेत, आणि भाडे तर ऑर्डर आली नाही तरी द्यावेच लागते. लग्नाला जाण्यामुळे प्रत्यक्ष खिशातून जातात ते 13,500. तारीख रिकामी असेल आणि कोणी अठरा हजार देत असेल, तर ती ऑर्डर नाकारणारा माणूस भाड्याकडे आणि हप्त्याकडे वळवता आले असते असे साडेचार हजार सोडून देतो. गावात नव्याने सुरुवात करणाऱ्या मुलाकडे गाळा नसतो, शूटर तो स्वतःच असतो, त्यामुळे त्याचा खर्च आपल्यापेक्षा कमीच आहे. त्याला पंचवीस हजारांची अट घालणे म्हणजे त्याला धंद्यात येऊच न देणे होय.

छायाचित्रकार, उदगीर:
रिकाम्या तारखेचा हिशेब कागदावर बिनतोड आहे. परंतु आपल्याकडे दर झाकून राहत नाही. एका घरी अठरा हजारांत काम केले की भावकीतील पुढच्या लग्नाची बोलणी अठरा हजारांपासूनच सुरू होते, मग ती तारीख वैशाखातील ऐन मुहूर्ताची का असेना. आपले काम मुळात दाट मुहूर्तांवर अवलंबून आहे. चातुर्मास कोरडा जातो आणि पौषातही लग्ने नसतात. वर्षाची कमाई ज्या मोजक्या तारखांना करायची, नेमक्या त्याच दिवशी तीन हजारांचा शूटर पाच हजार मागतो आणि ते त्याला द्यावे लागतात. नव्या मुलाविषयी मला आकस नाही. पण तो झीज मोजत नाही, आणि कॅमेरा बदलण्याची वेळ येते तेव्हा त्याच्याजवळ पैसे नसतात. असे कितीतरी हुशार हात या धंद्यातून निघून गेलेले मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

वधूपिता, जिंतूर:
पैसे देणाऱ्याची बाजूही येथे यावी. 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे. तो पूर्ण मिळाला असे धरले, तरी आपले पंचवीस हजार म्हणजे सुमारे पावणेपाच क्विंटल सोयाबीन. आमच्या कोरडवाहू जमिनीत बऱ्या वर्षीचे एका एकराचे पीक. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने ज्यांच्या शेतात पाणी उभे राहिले, त्यांना आपण किमान दराची भाषा कशी ऐकवणार?

दर वाढवायचा तर वेळही पाळावी. आमच्या घरच्या लग्नाचा अल्बम पाहायला मिळेपर्यंत मुलीची पहिली दिवाळी होऊन गेली, आणि मूळ फाइल मागितल्या तेव्हा ‘त्या आमच्या मालकीच्या’ असे उत्तर मिळाले. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार, वेगळा करार नसेल तर, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढून घेणारा असतो. हे छायाचित्रकारांनाच ठाऊक नसावे, याचे मला आश्चर्य वाटते.

स्टुडिओचालक महिला, नांदेड:
वीस हजार की पंचवीस हजार, या वादात मूळ दुखणे बाजूला पडत आहे. सहा लाखांची सामग्री वर्षातून केवळ चाळीस लग्नांना वापरायची आणि तिची सगळी झीज त्या चाळीस घरांकडून वसूल करायची, हा मार्गच मला चुकीचा वाटतो. डोहाळजेवण, बारसे, बाळाचे फोटो यांना लग्नाचा मुहूर्त लागत नाही. ही कामे श्रावणातही येतात, त्यांना शूटर लागत नाही आणि बहुतेकांना जाडजूड अल्बमही नको असतो. पैठणच्या पैठण्या आता ऑनलाइन विकल्या जातात. पदराचा रंग आणि जर खरी दिसेल असे फोटो हवे असलेले विक्रेते आहेत, पण त्यासाठी लाइट लावण्याचे वेगळे कौशल्य शिकावे लागते आणि ते आपण शिकत नाही. अशा कामांचे साठ दिवस जोडले, तर दीड लाखांची झीज चाळीसऐवजी शंभर दिवसांवर पसरते आणि दिवसाला 1,500 वर येते.

छायाचित्रकार, उदगीर:
ताई, नांदेड हे मोठे शहर आहे. आमच्या तालुक्यात बारशाचे फोटो घरातला मोबाइलच काढतो आणि त्यासाठी वेगळे पैसे देण्याची पद्धत अजून रुजलेली नाही, तेव्हा साठ दिवस आणायचे कोठून? जिंतूरच्या काकांनी सांगितलेले कलम खरे आहे. पण मालकी एक, आणि निवडलेल्या फोटोंपलीकडच्या हजारो कच्च्या फाइल सांभाळून हाती देणे वेगळे. त्यासाठी हार्ड डिस्क लागतात, आणि ते काम दरात कुठेही धरलेले नसते.

व्हिडिओ मिक्सिंग व्यावसायिक, जालना:
मग ते लिहूनच घ्यावे. किती निवडक फोटो द्यायचे, मूळ फाइल किती महिने जपायच्या, हार्ड डिस्क कोणाची, अल्बम किती दिवसांत द्यायचा, हे इसार घेताना एका पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. रक्कमही तीन टप्प्यांत घ्यावी, म्हणजे शेतकऱ्याला शेवटचा हप्ता माल विकल्यावर देता येईल आणि अल्बम हाती आल्याशिवाय तो द्यावाही लागणार नाही. वीस हजारांत अल्बम बसत नसेल तर त्या दरात अल्बम देऊच नये, फक्त फोटो द्यावेत. सहा हजार तेथेच वाचतात. यासाठी तालुक्यातील कोणाच्या संमतीची गरज नाही.

छायाचित्रकार, उदगीर:
अल्बमशिवाय लग्नाची ऑर्डर आमच्याकडे अजून कोणी स्वीकारत नाही. लेखी कराराचे मी करून पाहीन. मात्र शेवटचा हप्ता माल विकेपर्यंत थांबवायचा असेल, तर लॅबवाला माझ्यासाठी तितका थांबत नाही. अल्बमचे पैसे तो छपाईआधी घेतो. म्हणून निदान अल्बमचे सहा हजार पहिल्या दोन टप्प्यांतच हाती आले पाहिजेत, यावर मी ठाम आहे.